मुलं पाठीमागे असतात तेव्हा

सायकलला जोडायचा मुलांचा ट्रेलर घ्यायला गेलं की चांगला दुकानदार आधी मुलांची वयं विचारत नाही, किती खर्च करणार तेही नाही. तो विचारतो, रात्री ठेवणार कुठे? जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात, जिथे मी राहते, हा प्रश्न अगदी खरा आहे. इथली जुनी घरं अरुंद, उंच आणि एकमेकांना चिकटलेली. रस्त्यावरून काही पायऱ्या चढायच्या, मग दार, आणि खाली तळघरात उतरणारा चिंचोळा जिना. दोन मुलांचा ट्रेलर साधारण ८० ते ९० सेंटिमीटर रुंद असतो आणि रिकामाच १४-१५ किलोच्या आसपास भरतो. त्याची चाकं निघतात, बाजू आत मिटतात, घडी होते, हे सगळं जाहिरातीत खरंच असतं. पण संध्याकाळी पावसात घरी पोहोचल्यावर एका कडेवर झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात ओल्या कपड्यांची पिशवी, आणि थोरलीला शू लागलेली, अशा वेळी कोणी घडी घालत नाही. म्हणून मी आता ज्यांना ज्यांना सल्ला देते त्यांना सांगते, दुकानात जायच्या आधी टेप घेऊन घराचं दार मोजा, अंगणाचं फाटक मोजा, किटाच्या आवारातली सायकली लावायची जागा बघून या. (किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र.) ट्रेलर मग बघा.

आम्ही ट्रेलरकडे वळलो तेव्हा थोरली तीन वर्षांची होती आणि धाकटा वर्षाचा व्हायला आला होता. तोवर ती माझ्या मागच्या सीटवर बसायची. दोन मुलं झाल्यावर त्यातून मार्ग निघेना. पुढे एक सीट, मागे एक सीट असं करणारे लोक आहेत, पण उभ्या सायकलवर एकाला बसवताना दुसऱ्याला धरायचं कसं, हे मला आजवर उमगलेलं नाही. सायकल स्टँडवरून घसरली तर दोन्ही मुलं उंचावरून खाली येतात. ट्रेलरची गोष्ट वेगळी. तो जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. मूल आपणच चढून आत बसतं, आणि ज्या सांध्याने तो सायकलला जोडलेला असतो तो सगळीकडे फिरतो, त्यामुळे सायकल आडवी झाली तरी ट्रेलर आपल्या दोन चाकांवर उभाच राहतो. माझ्या दृष्टीने ट्रेलरच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

दुसरा पर्याय होता पुढे मोठी पेटी असलेल्या सायकलीचा. कोपनहेगनच्या क्रिस्तियानिया वस्तीत १९८४ साली अशी तीनचाकी सायकल बनली आणि आज त्या शहरात मुलांना पुढच्या पेटीत बसवून नेणारे आईबाप ही रोजची गोष्ट आहे. मुलं डोळ्यांसमोर, बोलता येतं, बोट दाखवून बदक दाखवता येतं. मला ती फार आवडते. पण मोटार बसवलेली घ्यायची तर हजारो युरो, पायऱ्यांवरून उचलता येत नाही, आणि रात्रभर रस्त्यावर ठेवायची म्हणजे चोरीची धास्ती. शिवाय भारी वस्तू म्हणजे भरवशाची वस्तू असंही नसतं. २०२४च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या ग्राहकसुरक्षा खात्याने बाबू या तिथल्या बड्या कंपनीला, फ्रेम तुटण्याच्या धोक्यामुळे, पेटीच्या सायकलींची विक्री थांबवायला लावली होती.

ट्रेलरचा आणखी एक गुण वापरायला लागल्यावरच कळतो. तो सुटतो. सकाळी मी मुलांना किटात सोडते, ट्रेलर तिथेच छपराखाली लावते आणि हलक्या सायकलने कामाला जाते. दुपारी नवरा त्याच्या सायकलने येतो, तोच ट्रेलर जोडतो आणि मुलांना घरी आणतो. एक ट्रेलर, दोन सायकली. हे जमायचं तर दोन्ही सायकलींना जोडणीचा तुकडा वेगवेगळा लागतो, आणि तिथेच खरेदीतला सगळ्यात किचकट भाग सुरू होतो.

ही जोडणी बहुतेक ट्रेलरांत मागच्या चाकाच्या एक्सलवर, डाव्या बाजूला बसते. उजवीकडे गिअर आणि चेन असते म्हणून डावीकडे. माझ्या सायकलचं मागचं चाक खटका दाबून निघणाऱ्या पातळ दांडीचं, त्यामुळे तिथे काम सोपं झालं. नवऱ्याच्या सायकलला १२ मिलिमीटर जाडीचा आरपार एक्सल. अशा एक्सलची लांबी सायकलीगणिक वेगळी असते आणि आट्यांमधलं अंतरही वेगळं: १ मिलिमीटर, १.५ किंवा १.७५. चुकीचा घेतला तर दोन-तीन आटे फिरतो आणि अडतो, किंवा वाईट म्हणजे बसल्यासारखा वाटतो. म्हणून सायकल घेऊनच दुकानात जावं. फोटो काढून नेला तरी भागत नाही. मागच्या चाकात मोटार असलेली सायकल असेल तर तिथे वेगळाच नट लागतो आणि काही सायकल कंपन्या ट्रेलर जोडायला परवानगीच देत नाहीत. सायकलच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ते पान कोणी वाचत नाही. वाचावं.

जोडणीच्या बरोबरीने एक साधा पट्टा असतो. तो सायकलच्या मागच्या चिमट्याभोवती वळवून ट्रेलरच्या दांड्याला परत अडकवायचा. मुख्य खीळ निसटली तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून तो आहे. किटाच्या दारात सकाळच्या घाईत हा पट्टा लोंबत ठेवून निघालेले पालक मी बघते, आणि ओळख असो-नसो, थांबवून सांगते. आजवर कोणी रागावलेलं नाही.

आतली जागा बघताना मुलांना बरोबर न्यावंच लागतं, आणि जमलं तर त्यांच्या थंडीच्या जाड कोटांसकट. उन्हाळ्यात ऐसपैस वाटणारा ट्रेलर डिसेंबरमध्ये दोन फुगीर कोटांत आखडून जातो आणि मग कोपरं लागायला लागतात. खांद्यापाशी किती रुंदी आहे ते मोजायचं, बाहेरच्या मापावरून काही समजत नाही. पाच ठिकाणी धरणारा पट्टा हवा. डोकं वरच्या आडव्या नळीच्या खाली राहायला हवं. पुढच्या वर्षीही, कारण मूल वाढणार. आणि एक बारीक गोष्ट, जी मला दुकानातल्या एका मुलीने दाखवली: हेल्मेट घालून मुलाला बसवून बघा. पाठ टेकायची जागा सपाट असेल तर हेल्मेटची मागची बाजू तिला लागते आणि मुलाची मान पुढे ढकलली जाते. सगळा वेळ हनुवटी छातीला लावून बसलेलं मूल कुरकुर का करतंय ते पुढे सायकल हाकणाऱ्याला कळतच नाही. चांगल्या ट्रेलरमध्ये डोक्यामागे जाळीचा खोलगट भाग सोडलेला असतो. जर्मनीत हेल्मेटची सक्ती नाही. आमच्या घरात आहे.

पाय ठेवायची जागा कडक हवी. नुसतं कापड असेल तर मोठ्या मुलाचे पाय दाबून दाबून ते खाली झोळ घेतं. समोरची जाळी चालताना बंदच ठेवायची, कारण सायकलच्या मागच्या चाकातून उडणारे खडे आणि चिखल सरळ मुलांच्या तोंडावर जातात. सायकलला लांब मडगार्ड असेल तर फार फरक पडतो. पावसाचं प्लास्टिक वेगळं असतं. ऊन पडल्यावर ते ताबडतोब वर गुंडाळायचं, नाहीतर आत हवा कोंडते आणि विलक्षण तापते. सामान ठेवायची पिशवी पाठीमागे असते. तिच्यात बटाट्याची दहा किलोची थैली ठेवली की मागचा भार वाढतो, पुढचा दांडा वर उचलला जातो आणि सायकलचं मागचं चाक हलकं पडतं. आमच्या माहितीपुस्तिकेत असंही आहे की एकच मूल असेल तर त्याला उजवीकडे बसवा. इथे वाहनं उजवीकडून चालतात, फुटपाथची कड उजव्या चाकाला लागते, आणि एक चाक वेगात उचललं जाणं हीच ट्रेलर उलटायची नेहमीची रीत. वजन त्या बाजूला असलं की चाक जमिनीला धरून राहतं.

अगदी तान्ह्या बाळांसाठी आत बांधायची झोळी मिळते. जर्मनीत पालक काही महिन्यांच्या बाळांनाही तिच्यात नेतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या मुलाला सायकलवर नेऊच नका म्हणतात. मी या बाबतीत अमेरिकेच्या बाजूची निघाले. धाकटा आधाराशिवाय नीट बसायला लागून, मान घट्ट होऊन वर्षाचा होईपर्यंत आम्ही ट्रामने गेलो. स्प्रिंग असलेला ट्रेलर असला तरी दगडी रस्त्यावर आत काय होतं ते मी स्वतः हात घालून पाहिलं आहे.

दगडी रस्ता म्हणजे काय, ते फीर्टेल या इथल्या जुन्या भागात राहिल्याशिवाय कळणार नाही. गल्ल्यागल्ल्यांत घडवलेले दगड, त्यांच्यामध्ये बोटभर फटी. साध्या ट्रेलरला स्प्रिंगच नसते. टायरातली हवा काय झेलेल तेवढंच. चांगल्यांमध्ये पट्टीची स्प्रिंग, रबराचे ठोकळे किंवा हवेची नळी असते, आणि काहींत वजनाप्रमाणे ती कमीजास्त करता येते. हे कमीजास्त करणं महत्त्वाचं. दोन मोठ्या मुलांसाठी लावलेली कडक स्प्रिंग एकट्या लहान मुलाखाली हलतच नाही. आम्ही वापरलेला ट्रेलर घेतला, नव्याच्या जवळपास निम्म्या किमतीत, आणि पैसे वाचले ते चांगली स्प्रिंग असलेल्यात घातले. सपाट डांबरी रस्त्यानेच जाणाऱ्याला त्याची गरज नाही. त्याने ते पैसे सायकलच्या ब्रेकवर खर्च करावेत. ४०-४५ किलोचं ओझं ओल्या रस्त्यावर मागून ढकलतं तेव्हा ब्रेक कसा आहे ते लगेच समजतं.

ब्रेमेनला चढउतार जवळजवळ नाहीत. वारा हाच इथला घाट. वेझर नदीवरचा विल्हेल्म कायझेन पूल ओलांडताना नैर्ऋत्येचा वारा समोरून आला की ट्रेलरचं कापड शिडासारखं भरतं, आणि खालचा गिअर टाकून, मान खाली घालून पुढे जावं लागतं. मोटारीची सायकल घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या पुलावर मिळालं. घ्यावी.

मग रुंदी. इथे सक्तीच्या, म्हणजे सायकलवाल्याने वापरायलाच हवा अशा, सायकलमार्गाची किमान रुंदी दीड मीटर धरलेली आहे. त्यात ९० सेंटिमीटरचा ट्रेलर मावतो, पण मागून येणाऱ्याला पुढे जायला जागा राहत नाही. आपल्या हँडलच्या बाहेर उजवीकडे ट्रेलरचं चाक किती येतं, ते अंगात भिनायला वेळ लागतो. वळणावर ते आतून कापतं, म्हणून कोपरा नेहमीपेक्षा लांबून घ्यायचा. रेल्वे फाटकांपाशी आणि काही पायवाटांवर दोन आडवी लोखंडी कठडी समोरासमोर लावलेली असतात, सायकलवाल्यांनी उतरून जावं म्हणून. सायकल आणि ट्रेलर मिळून तीनेक मीटर लांबी होते. त्या कठड्यांतून ती वळतच नाही. एका सुंदर रस्त्यावर पाणी सोडावं लागलं ते एवढ्याच कारणाने. ट्रेलर घेण्याआधी रोजचा रस्ता एकदा पायी चालून यावा, असं मी म्हणते ते यासाठी.

डिसेंबरमध्ये इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो. किटाची वेळ त्याआधीची. २०१८पासून जर्मनीत ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद नव्या ट्रेलरला मागे डाव्या बाजूला लाल दिवा आणि पुढेमागे परावर्तक सक्तीचे आहेत. जुना ट्रेलर घेणाऱ्याने दिवा स्वतः लावून घ्यावा. उंच काठीवरचा केशरी झेंडाही काढू नये. ट्रेलर इतका बुटका असतो की उभ्या गाडीतून मागे बघणाऱ्याला फक्त तो झेंडाच दिसतो.

पुण्याहून आई आली होती. पहिल्या दिवशी ती ट्रेलरभोवती फिरली, कापड चाचपलं, पट्टे ओढून पाहिले, आणि म्हणाली, “अगं, वस्तू छान आहे. पण पोरं पाठीमागे ठेवून तुला पुढे बघवतं कसं?”

तिच्या प्रश्नाला मी तेव्हा आरशाबद्दल काहीतरी सांगितलं. हँडलला आरसा आहे, त्यात ट्रेलरचं डावं चाक दिसतं, वगैरे. पण तिला ते विचारायचं नव्हतं. बाबा मला औंधात सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. दांडीला छोटी सीट बोल्टने कसलेली, पाय टेकायला पुढे लोखंडी पट्टी. माझे हात हँडलच्या मध्यावर, त्यांचे दोन्ही बाजूंना. ते बोलायचे तेव्हा आवाज डोक्यावरून यायचा आणि ब्रेक मारला की त्यांची छाती पाठीला लागायची. सुरक्षेचं म्हणाल तर हेल्मेट नव्हतं, पट्टा नव्हता, काहीच नव्हतं. पण मूल मोठ्या माणसाच्या हातांच्या आत होतं. आईच्या डोळ्यांपुढे ते चित्र होतं.

ट्रेलरमध्ये मूल हाताबाहेर असतं. बोलणं वाऱ्यात विरतं. आत काय चाललंय ते मला सिग्नलला थांबल्यावरच कळतं: भांडण, गाणं, किंवा दोघं एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून झोपलेली. सुरुवातीला मी सारखी मागे वळून बघायची. तसं बघणं धोक्याचं असतं, कारण मान वळली की हँडल वळतं. हळूहळू वळणं कमी झालं. ते माझ्या धीटपणामुळे झालं नाही, रस्त्यामुळे झालं. मागून येणारी गाडी दीड मीटर सोडून जाईल किंवा माझ्या मागे थांबून राहील, हे शहरातल्या रस्त्यासाठी २०२०पासून इथल्या नियमांत आकड्यात लिहिलं आहे, आणि सगळे नाही तरी पुष्कळ जण ते पाळतात. ट्रेलर दिसला की तर जास्तच. ट्रेलरच्या कापडात आणि नळ्यांत मुलांना सांभाळण्याचं बळ फार थोडं असतं. ते बळ बाहेर, रस्त्यात आणि त्या रस्त्यावरच्या इतर माणसांच्या सवयींत असतं, आणि ते दुकानातून आणता येत नाही.

हे शहराने आपोआप कमावलेलं नाही. इथल्या सायकलवाल्यांची देशव्यापी संघटना, एडीएफसी, १९७९ साली ब्रेमेनमध्येच स्थापन झाली. त्या काळी जर्मनीतली शहरं मोटारींसाठी रस्ते रुंद करत होती. आज ब्रेमेनमधल्या सुमारे पाव फेऱ्या सायकलवर होतात.

पुणे आणि ब्रेमेन यांची जुनी मैत्री आहे. औंधमध्ये ब्रेमेन चौक आहे, आणि मी शाळेच्या वयात त्या चौकातून असंख्य वेळा सायकलवरून गेले आहे. सायकलींचं शहर हे नाव तेव्हा पुण्याचं होतं. एसपी, फर्ग्युसनच्या आवारात सायकलींच्या रांगा, हे आईच्या पिढीने पाहिलेलं पुणं. आता आई मला विचारते की हा ट्रेलर परत येताना पुण्याला आणशील का, तेव्हा मी त्या चौकातून गणेशखिंड रस्त्याला लागायचं मनात आणते. मुलांची डोकी मोटारीच्या बॉनेटच्याही खाली, बसच्या धुराच्या उंचीवर. डावीकडून पुढे घुसणारी स्कूटर. गतिरोधकावर आधी सायकल उडणार, मग ट्रेलर. सायकलसाठी बांधलेल्या मार्गावर उभी केलेली वाहनं. मला माझ्या शहराबद्दल असं लिहायला वाईट वाटतं. पुण्यात आजही पहाटे हजारो लोक सायकल चालवतात, डोंगर चढतात. चालवणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. तीन वर्षांच्या मुलाला पाठीमागे बसवून भर सकाळी साडेआठला शाळेत नेता येईल असा सलग रस्ता मात्र नाही. आणि सायकलमार्ग कसा झाला हे तपासायचं असेल तर महापालिकेने त्यावरून असा एक ट्रेलर ओढून बघावा, असं मला मनापासून वाटतं. जिथे तो अडेल, कलेल किंवा रस्त्यावर उतरेल, तिथे काम राहिलं आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला पुढे दिलं, वेझरच्या काठाने जाणाऱ्या ऑस्टरडाइख रस्त्यावरून जाताना. ती माझ्या मागून नवऱ्याच्या सायकलवर येत होती, साडीऐवजी सलवार-कमीज घालून. घरी आल्यावर म्हणाली, “तू मागे बघत नव्हतीस, पण बाकीचे सगळे बघत होते.” मी एवढंच म्हटलं, “हो ना.”

जर्मन कायद्यानुसार ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त दोन मुलं, तीही सात वर्षं पूर्ण होईपर्यंतच, आणि ओढणारा किमान सोळा वर्षांचा. अपंग मुलाला ही वयाची अट लागू नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे आणि वाचून मला फार बरं वाटलं होतं. आमची थोरली आता सातच्या उंबरठ्यावर आहे. तिचे गुडघे समोरच्या जाळीला लागतात आणि तिला स्वतःची सायकल आहे. कायदा सांगतो की आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाने फुटपाथवरून सायकल चालवावी, रस्त्याला लागून असलेला सायकलमार्ग चालणार नाही. तो मोटारींच्या रस्त्यापासून बांधीव वेगळा असेल तर चालतो. सोळा वर्षांवरचा एक माणूस सोबतीला फुटपाथवरून सायकल चालवू शकतो. म्हणजे मी. पण माझ्या मागे धाकट्याचा ट्रेलर आहे, आणि ब्रेमेनच्या गल्ल्यांत मोटारी दोन चाकं फुटपाथवर चढवून उभ्या केलेल्या असतात. हे इतकं जुनं दुखणं आहे की इथले काही रहिवासी त्यासाठी थेट जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले, आणि ६ जून २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं की ठराविक परिस्थितीत रहिवाशांना याविरुद्ध कारवाई मागण्याचा हक्क आहे. निकाल लागला तरी आमच्या गल्लीतल्या मोटारी अजून तिथेच आहेत. उरलेल्या फुटपाथवरून ती जाते, मी जाऊ शकत नाही.

त्यामुळे सध्या ती फुटपाथवर, मी ट्रेलर घेऊन शेजारच्या रस्त्यावर, आणि मध्ये उभ्या गाड्यांची रांग. दोन गाड्यांच्या फटीतून तिचं पिवळं हेल्मेट दिसतं, मग दिसत नाही, मग पुढच्या फटीत पुन्हा दिसतं. गाड्यांच्या मागून ती अचानक रस्त्यावर उतरली तर, हा विचार ट्रेलरच्या सगळ्या वर्षांत मला कधी इतका छळला नव्हता. म्हणून आम्ही गल्लीचा जवळचा रस्ता सोडला आहे. जुन्या तटबंदीच्या जागी केलेल्या बागेतून, पाण्याच्या कडेने एक रुंद वाट जाते. तिथे मोटार येत नाही. लांब पडतं, सकाळी घरातून लवकर निघावं लागतं आणि त्यावरून रोज थोडी कटकट होते. पण तिथे ती पुढे, माझ्या डोळ्यांसमोर असते, आणि धाकटा ट्रेलरमधून ओरडून तिला सांगत असतो की अजून जोरात जा.